अगडबंब शी

पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला आपण आधी काय विचारतो? आज शाळेत परीक्षा आहे का, हेच ना? सात वर्षांच्या भिंगरीलाही तिच्या आईनं तेच विचारलं. भिंगरीनं नकारार्थी मान हलवली, दूध अर्धं टाकलं आणि मुकाट्यानं दप्तर उचललं. पोरगी हल्ली शांत झालीय, असं आजीनं कौतुकानं म्हटलं. दिवसभर घरभर गिरक्या घेणारी म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, ती अचानक शांत का झाली, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

भिंगरीची आई मुलांची चित्रपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात संपादक होती. शब्दांच्या बाबतीत भारी काटेकोर. त्या आठवड्यात तिच्या टेबलावर आलेल्या पुस्तकानं मात्र तिला घाम फोडला होता. ते पुस्तक होतं डायनासोरच्या शीचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक डायनासोर नदीकाठी शी करतो, ती गाळात गाडली जाते, सावकाश तिचा दगड होतो आणि एक दिवस एका संशोधक बाईंच्या हाती लागतो, अशी गोष्ट. लिहिणाऱ्या बाई वस्तुसंग्रहालयात खरोखरच असे दगड तपासत. केस पांढरे, आवाज खणखणीत. ऑफिसात सगळे त्यांना दगडमावशी म्हणत. चित्रं तर अशी, की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. डायनासोरनं डोळे गच्च मिटून जोर लावलाय आणि शेजारचं झाड नाक दाबून उभं आहे!

आईनं लाल पेन उचललं आणि जिथं जिथं 'शी' होतं, तिथं तिथं 'अवशेष' केलं. डायनासोरपुढे एक दाट झुडूप काढायला लावलं. चित्रकार कुरकुरला, पण त्यानं काढलं.

छापण्याआधी कच्ची प्रत चार मुलांना वाचून दाखवायची, अशी त्या ऑफिसची पद्धत होती. शनिवारी सगळ्यांची मुलं सतरंजीवर जमली. भिंगरीही होती. आई वाचू लागली, "डायनासोर झुडपामागे बसला आणि त्याने आपले अवशेष ठेवले." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हणाला, अंडं घातलं. दुसरी म्हणाली, नाही रे, मेला तो. तेवढ्यावर एका लहानग्याचे डोळे भरून आले. मागच्या खुर्चीत दगडमावशी कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

आणि भिंगरी? ती पोटाशी पाय घेऊन सतरंजीवर आडवी झाली होती. अंग घामानं भिजलेलं.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि शी कधीपासून झाली नाही, असं आईला विचारलं. आईला सांगता येईना. भिंगरी आईकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. शेवटी डॉक्टरांनी आईला बाहेर बसवलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. शाळेत तिनं एकदा हात वर करून शीला जाऊ का, असं विचारलं होतं. वर्ग हसला. बाईही हसल्या. तेव्हापासून पोर रोखून धरत होती आणि रोखता रोखता आता होणंच बंद झालं होतं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि दार उघडता उघडता म्हणाले, "पोट मी मोकळं करीन. जीभ तुम्हालाच मोकळी करावी लागेल."

रिक्षात आईनं विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तू छी म्हणतेस ना," भिंगरी म्हणाली.

आईनं वाटभर मान वर केली नाही.

संध्याकाळी दगडमावशी भिंगरीला बघायला आल्या. येताना कापसात गुंडाळलेला एक तपकिरी दगड घेऊन आल्या. तो त्यांनी सरळ भिंगरीच्या हातावर ठेवला. भिंगरीनं आधी हुंगून पाहिला. वास येत नाही म्हणाली. वासाला तू कोट्यवधी वर्षं उशिरा आलीस, असं मावशींनी सांगितलं, तेव्हा भिंगरी बऱ्याच दिवसांनी खुदकन हसली. नाक मुरडून दारात उभ्या असलेल्या आजीनं हळूच एक बोट लावलं आणि मग चष्मा मागवला. आत हाडांचे बारीक तुकडे दिसतायत, हे सगळ्यांत आधी तिनंच ओळखलं!

आईला राहवलं नाही. "पण मावशी, चारचौघांत सभ्यता म्हणून काही असते की नाही?"

मावशींचा खणखणीत आवाज मऊ झाला. "दार लावून घ्यावं, हात धुवावेत, जागा स्वच्छ ठेवावी, ही सभ्यता. दुखणं लपवायला लावते, ती कसली सभ्यता? ज्यानं तोंड घडवलं, त्यानंच बाकीचं शरीर घडवलं. त्याला नाही लाज वाटली. अहो, हे जनावर काय खात होतं, त्याच्या पोटात जंत होते का, हे सांगायला ते बिचारं आता नाही. ते कळावं म्हणून मी असे दगड चाळण्यात जन्म घातला. तुमच्या लेकीला तर वाचा आहे. आणि ती तुम्ही खोडून टाकलीत."

आईचे डोळे भरून आले. त्याच रात्री तिनं सगळे 'अवशेष' खोडले.

प्रकाशनाचे मालक बिथरले. शाळा असलं पुस्तक दारात उभं करणार नाहीत, म्हणाले. आई हटली नाही. उलट, संपादक म्हणून माझं नाव पहिल्याच पानावर छापा, असं तिनं बजावलं. पुस्तक छापलं गेलं आणि पहिलं जाहीर वाचन ठरलं ते भिंगरीच्याच शाळेत.

सभागृह भरलं होतं. समारंभाचे प्रमुख पाहुणे रंगात येऊन बोलत होते. एवढ्यात पहिल्या रांगेतून एक हात वर गेला. भिंगरी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला शीला जायचंय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. व्यासपीठावरची आई उठून उभी राहिली. महिन्याभरापूर्वी तिला धरणी दुभंगावी असं वाटलं असतं. आज तिची मान ताठ होती.

"जा बाळा. दार लावून घे, हात धुवून ये."

तोवर वर्गाच्या बाई उठल्या. हसल्या होत्या, त्याच बाई. त्यांनी भिंगरीचा हात धरला. मग तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला. मग दोन मुली. बघता बघता दारापर्यंत रांग लागली. पाहुण्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला आणि मुलं परत येईपर्यंत आपण थांबू या, म्हणाले. लोक हसले, टाळ्याही वाजल्या, पण ते हसणं कुणाला टोचणारं नव्हतं. लेकीनं आजवर आणलेली सगळी बक्षिसं आईला त्या क्षणी फिकी वाटली.

वाचकहो, पोर आपल्याला देहाचं काही सांगायला येतं, तेव्हा ते आपल्यावर विश्वास टाकत असतं. त्याच्या तोंडावर एक 'छी' फेकून तो विश्वास परत पाठवू नका. आपलं पोर न लाजता, न घाबरता आपल्याशी बोलतं, याहून मोठी अभिमानाची गोष्ट घरात दुसरी कोणती असणार?