दोन बोल्टांच्या भरवशावर

मित्रांनो, मी एक जुना हुक आहे. पडदे अडकवायचा नव्हे आणि शर्ट टांगायचाही नव्हे. चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायचा, तुमच्या मनगटाएवढा जाड, लोखंडी हुक. मला एका हातानं उचलायला जाल तर खांदा खाली येईल. लपवाछपवी मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला आहे. तो माणूस चांगला होता, तरणाबांड होता आणि मला रोज फडक्यानं पुसत असे. हे ऐकून माझी भीती वाटली तर वाटू द्या. थोडी वाटायलाच हवी.

माझा जन्मच मारझोडीत झाला. मला भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवलं, चिमट्यात धरलं आणि यंत्राच्या घणाखाली ठेवलं. पहिला घाव बसला तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो. लोकांना नुसत्या ठिणग्या दिसल्या. घावांवर घाव बसत गेले आणि मी वाकलो. मग पाण्यात बुडवलं. चर्र झालं. वाटलं, सुटलो एकदाचा! कसलं काय, लगेच तपासणीला नेलं. तिथे साखळी लावून आम्हाला एकेकाला ओढत होते. माझ्या आधीचा हुक कडाडला, तुटला आणि त्याचा तुकडा समोरच्या भिंतीत घुसला. मी मात्र टिकलो. तपासणारा म्हणाला, "हा पठ्ठ्या आहे." त्या दिवसापासून मला घमेंड चढली ती चढलीच.

पुढची कितीतरी वर्षं मी एका मोठ्या ट्रकच्या पोटाखाली काढली. दरीत कलंडलेल्या गाड्या ओढल्या, झाडांचे बुंधे मुळासकट उपटले. ट्रक म्हातारा झाला तसा त्याला भंगारात काढलं. गॅसच्या ज्योतीनं त्याचे तुकडे करताना मी शेजारीच होतो. ते मला अजून विसरता येत नाही. मग मी भंगाराच्या ढिगात पडून राहिलो. वरून लोखंड आदळत होतं, खालून गंज चढत होता. माझी आठवण कुणाला यावी?

तिथून मला उचललं ते धाकट्यानं. तो आणि त्याची ताई अशी दोघंच भावंडं. ताई गाडी चालवायची, धाकटा बाकी सगळं बघायचा. वडिलांमागे चारही चाकांनी ओढणारी एक जुनी जीप उरली होती आणि तिच्यावरच घर चालत होतं. वर डोंगरात विजेचे मनोरे उभे राहत होते. तिथे माणसं आणि हत्यारं पोचवायचं काम दोघांना मिळालं होतं. अट एकच होती. रस्ता नसला तरी गाडी चढली पाहिजे. हे काम गेलं असतं तर जीप विकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता जुन्या जीपला डोंगर चढवायचा तर तिच्यावर खर्च करायला हवा, आणि खिसा तर तोकडा. गॅरेजच्या मिस्त्रींनी जीपखाली शिरून, तोंडात विडी तशीच ठेवून, हिशेबाचं सांगितलं. "आधी ब्रेक. मग टायर. मग गाडी अडकली तर ओढायला चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, भक्कम पट्टी आणि तिच्यावर हुक. एवढं झाल्यावर काही उरलं, तर नटवा हवी तेवढी."

ब्रेक मिस्त्रींनी स्वतःच्या जुन्या सामानातून करून दिले. उरलेल्या पैशांवरून भावंडांत जी जुंपली, ती मी बाकावर पडल्या पडल्या ऐकली. ताईला खोल नक्षीचे जाड टायर हवे होते. धाकट्याला पुढे रुंद बंपर आणि टपावर दिव्यांची रांग हवी होती. "साहेब लोक गाडी बघूनच काम देतात," असं त्याचं म्हणणं. "साहेब लोकांना घसरून दरीत घालू का मग?" ताई म्हणाली. धाकट्यानं पाना भिरकावला. तो पत्र्यावर आदळून ताईच्या कानाजवळून गेला. ताईनं तोच पाना उचलून परत हाणला, तो त्याच्या पोटरीवर बसला. मिस्त्री ओरडले, "अरे, डोकी फोडायची तर बाहेर जाऊन फोडा!"

या भावंडांची लहानपणापासूनची एक रीत होती. भांडण विकोपाला गेलं की जे असेल त्याचे दोन सारखे वाटे करायचे आणि एकानं दुसऱ्याच्या वाट्यात नाक खुपसायचं नाही. फळ असो, चादर असो, वडिलांची घड्याळं असोत. त्या दिवशीही तेच झालं. अर्ध्या पैशांत ताईचे टायर आले. अर्ध्यात धाकट्याचा बंपर आणि दिवे आले, आणि भंगारातून आणलेला मीही त्याच्याच वाट्याला गेलो. चॅसीवरची ती पट्टी कुणाच्याच वाट्याला आली नाही. ताईला वाटलं, हुक त्याचा म्हणजे पट्टीही त्याची. धाकट्याला वाटलं, पट्टी गाडीखाली असते, म्हणजे ती टायरवालीची.

मिस्त्रींनी मला बंपरच्या पत्र्यावर दोन बोल्टांनी बसवलं. हात पुसत दोघांना बजावलं, "हा शोभेचा आहे, कळलं का? पट्टी टाकेपर्यंत याला काही ओढायला लावू नका. ओढायचा पट्टा ताणला की त्यात जोर साठतो. सुटला तर डोकं उडवेल." दोघांनी माना डोलावल्या. धाकट्यानं मला लाल रंग दिला.

खरं सांगतो मित्रांनो, मी फार सुखावलो. कुठे तो भंगाराचा ढीग आणि कुठे ही पुढची मानाची जागा! माझ्या पाठीमागे कागदासारखा पत्रा आहे, हे मला पहिल्या दिवशीच जाणवलं होतं. पण मी लाल होतो, चकचकत होतो आणि लोक वळून बघत होते.

पहिल्यांदा एक दुचाकी खड्ड्यातून ओढायची वेळ आली. "एवढ्यानं काय होतंय," धाकटा म्हणाला. मी ओढली. मग एक रिकामी गाडी ओढली. मग एक भरलेली. दर वेळी पत्रा केसाएवढा वाकायचा आणि बोल्टाचं भोक जरा मोठं व्हायचं. मला कळत होतं, पण सांगणार कसा? मनोऱ्यावरचे कामगार पाठ थोपटायचे. "काय हुक आहे राव!" असं म्हणायचे. ताईही हळूहळू निर्धास्त झाली. एकदा ती पुटपुटली, "पट्टी टाकायची राहिली बघ." धाकटा हसला. "नऊ वेळा ओढलंय त्यानं. दहाव्यांदा काय तुझी परवानगी मागेल?"

दहाव्यांदा समोर पाण्याचा टँकर होता. भर दुपारी, ओढ्याच्या पात्रात, पुढची दोन्ही चाकं आसापर्यंत रुतलेला, काठोकाठ भरलेला. वर मनोऱ्याच्या पायाला सिमेंट कालवून ठेवलं होतं आणि पाण्यासाठी माणसं खोळंबली होती. ताईनं काठावर जीप त्याच्या समोर तोंड करून उभी केली. धाकट्यानं पट्ट्याचं एक टोक टँकरला लावलं आणि दुसरं मला. मग तो टँकरच्या चाकाशी फावडं घेऊन उभा राहिला.

ताईनं जीप मागे घेतली. पट्टा ताणला. टँकर हलला नाही. टँकरवाला म्हणाला, "पाणी सोडून देऊ का थोडं?" धाकट्यानं हात झटकला. "वर माणसं पाण्यासाठी बोंबलतायत आणि हा सोडतोय! ताई, जरा पुढे ये आणि दे झटका!"

ताईनं जीप पुढे घेतली. पट्टा सैल पडला. क्षणभर ती थांबली. मला वाटलं, आता हिला मिस्त्रींचं बोलणं आठवेल.

"अगं, दे ना! घाबरतेस काय?"

तिनं जीप मागे घेत पेडल जोरात दाबलं.

माझ्या पाठीमागचा पत्रा फाटला. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. एक बोल्ट तुटला, दुसरा भोकातून उपटून आला आणि मी हवेत गेलो. पट्ट्यात साठलेला सगळा जोर आता माझ्या अंगात होता. मी स्वतःला अडवू पाहिलं. लोखंडाला कुठे अडवता येतं! धाकट्याच्या उजव्या गुडघ्यावर मी आदळलो. हाड फुटलं, मी आरपार पलीकडे गेलो आणि टँकरच्या दाराला भोक पाडून तिथेच अडकलो. बंपरचा फाटका तुकडा माझ्या अंगाला तसाच लटकत होता.

धाकटा किंचाळला नाही. फावड्याला धरून तो हळूच खाली बसला. मग त्यानं पायाकडे पाहिलं, आणि तेव्हा तो जे ओरडला, ते ऐकून वरच्या मनोऱ्यावरची माणसं खाली धावली. ओढ्याचं पाणी लाल झालं. ताई काठावरून घसरत, पडत आली. तिनं त्याच्याच कमरेचा पट्टा त्याच्या मांडीला आवळला, दातांनी ओढून आवळला. "माझ्याकडे बघ. पायाकडे नाही, माझ्याकडे बघ, राजा," असं ती म्हणत होती आणि तिचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखले होते. टँकरवाल्यानं मला दारातून उपटलं आणि शिवी देऊन जीपमध्ये फेकलं.

मग ताईनं जी जीप हाणली, तशी कुणी कधी हाणली नसेल. दगडांवरून, घळीतून, उभ्या चढावरून. तिच्या वाट्याच्या टायरांनी कुठेही दगा दिला नाही. धाकट्याचा जीव वाचला तो त्या टायरांमुळे, हे मी शपथेवर सांगतो. पाय मात्र वाचला नाही. डॉक्टरांनी तो मांडीपासून कापला.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला जीपमधून काढून ऐरणीवर ठेवलं आणि घण घेतला. मला मारत होते, पण शिव्या स्वतःला देत होते. "ओढू नका म्हणालास ना मेल्या, मग लावलासच कशाला?" त्यांचा दम संपला तेव्हा त्यांनी मला खिळ्याला टांगलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

काम गेलं. जीप ताडपत्रीखाली उभी राहिली. ताईनं किल्ली मिस्त्रींकडे ठेवली ती परत मागितली नाही. एकाच घरात राहून भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ताईला वाटायचं, मी दाबलं म्हणून त्याचा पाय गेला, हा मला जन्मात माफ करणार नाही. धाकट्याला वाटायचं, मी ओरडलो म्हणून हिच्या हातून असं झालं, हिला काय तोंड दाखवू? मिस्त्री दोघांकडे जाऊन यायचे आणि दोघांचंही मला येऊन सांगायचे. मी ऐकत गंजत राहिलो. मला पुसायचं फडकं कुठे गेलं कुणास ठाऊक.

एक दिवस सकाळी गॅरेजच्या फरशीवर कुबड्यांचा आवाज आला. धाकटा आला होता. त्यानं मला खिळ्यावरून काढायला लावलं आणि मांडीवर घेतलं. मला वाटलं, आता हा मला भट्टीत टाकणार. टाकलं असतं तरी माझी हरकत नव्हती. त्यानं माझ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "काका, हा तुटला नव्हता. याला धरणारं काही आपण ठेवलंच नव्हतं. टपावरचे दिवे विका. पट्टी टाका आणि हाच बसवा."

मिस्त्रींनी पट्टी आणून जीपखाली टेकवली होती आणि ते दिवे उतरवत असतानाच ताई आली. मला पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. "हा परत गाडीला लागला तर गाडीसकट जाळीन!" ती ओरडली. किती महिन्यांनी ती भावासमोर बोलली होती! धाकटा कुबड्या टाकून फरशीवर उताणा झाला आणि मला पोटावर घेऊन सरपटत जीपखाली गेला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "ताई, एकट्याला बोल्ट आवळता येत नाहीये."

तिनं त्याच्या कुबड्या उचलून भिंतीला लावून ठेवल्या. मग तीही खाली शिरली. पट्टीला आणि मला धरणारे चार जाड बोल्ट दोघांनी मिळून आवळले. चौथ्या बोल्टाला ताईला हुंदका आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमागच्या मैदानात मला तपासायला तोच टँकर आणला. धाकट्यानं आरडाओरडा करून सगळ्यांना लांब बाजूला पाठवलं. पट्ट्यावर ओलं गोणपाट टाकलं, सुटलाच तर खाली पडावा म्हणून. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. "मला नाही जमायचं रे," ती म्हणाली.

धाकटा कुबड्या टेकत खिडकीशी आला. "त्या दिवशी मी ओरडलो म्हणून तू दाबलंस. आज मी एक शब्द बोलणार नाही. तुला वाटेल तेव्हा दाब. नाही वाटलं, तर घरी जाऊ."

तो बाजूला जाऊन उभा राहिला. ताईनं डोळे पुसले आणि हळूहळू, अगदी हळूहळू दाबलं. पट्टा ताणला. माझ्या पाठीत कळ गेली, पण माझ्यामागे आता अख्खी चॅसी उभी होती. टँकर पुढे सरकला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ताई गाडीतून उतरली, धावत भावाकडे गेली आणि दोघं एकमेकांना धरून ओक्साबोक्शी रडली.

मित्रांनो, मी आता पुन्हा कामावर आहे. माझी एकच विनवणी ऐका. पैसे थोडे असतील तर जे दिसत नाही तिथे ते आधी खर्च करा. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण महिन्यातून एकदा पाठीवर पडून गाडीखाली शिरा आणि मला धरणारे बोल्ट स्वतःच्या हातानं तपासा. मी लोखंड आहे. तुम्ही मला कितीही जीव लावा, एकदा सुटलो की मी कुणालाच ओळखत नाही.