दूध प्यायलेला काळा ओपल

काळा म्हणून नाक मुरडू नका, मी ओपलचा खडा बोलतोय! जरा उजेडाला धरा, म्हणजे माझ्या पोटातले हिरवे, तांबडे, निळे रंग नाचताना दिसतील. माझा जन्म इथिओपियाच्या डोंगरातला. जयपूरला मला घासून गोल केलं, धुरी देऊन आणखी काळं केलं आणि मग मी शिरूरला नबीलालभाईंच्या खड्यांच्या दुकानात येऊन पडलो.

तिथं एका ट्रेमध्ये आम्ही तीन देशांचे तीन काळे होतो. ऑस्ट्रेलियाचा ओपल जन्माचाच काळा, खानदानी. पाण्यात बुडवला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. अमेरिकेतल्या नेवाडाचा मात्र कायम पाण्याच्या बाटलीत, कारण कोरडा पडला की त्याला तडे जायची भीती. रंगानं तो आम्हा दोघांहून देखणा, पण बाटली बोटात घालून कोण फिरणार? जावा बेटाचाही एक होता म्हणे. तो मी यायच्या आधीच विकला गेला, त्यामुळे ऐकीव बोलत नाही.

आणि मी? मी पाणी पितो! पाणी प्यालो की माझे रंग मिटतात, वाळलो की परत येतात. खोड म्हणा हवं तर.

एक दिवस भांडगावची अनुपमा आईला घेऊन दुकानात आली. होणाऱ्या नवऱ्यासाठी, राहू गावच्या सत्यजीतसाठी तिला अंगठी हवी होती. तिनं मला उचललं आणि तिची आई पार्वतीबाई दचकलीच.

"साखरपुड्याला काळा खडा?"

"मंगळसूत्रातलं मणी काय हिरवं असत्यात व्हय, आई?"

नबीलालभाई हसले. "ताई, घ्या खुशाल. फकस्त पाणी लागू देऊ नका. ह्यो पाणी पितो आन् रंग गिळून बसतो."

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी पार्वतीबाईंना वाटलं, कुठल्या मुलखातला खडा, किती जणांचे हात लागलेले. शुद्ध करून घ्यावा. त्यांनी मला देवापुढं वाटीभर निरशा दुधात ठेवलं. मीही अधाशासारखा ढोसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी भर मांडवात डबी उघडली, तर आत नुसता ओला काळा खडा! सत्यजीतचे चुलते हौसराव पुढं झाले. त्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं.

"खड्यानं रंग सोडला. लक्षण बरं न्हाई. आज ऱ्हाऊ द्या, पुढची तारीख बगू."

माझ्यापायी पोरीचं लग्न अडतंय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनुपमा आईकडं वळली. "आई, अंगठी पाण्यात घातलीस?"

"न्हाई गं! पाणी लागू द्यायचं न्हाई, म्हनून तर दुधात ठिवली," पार्वतीबाई रडत म्हणाल्या.

आधी सत्यजीत खुदकन हसला. अनुपमाला मात्र हसू आलं नाही. ती हौसरावांना म्हणाली, "आबा, दूध पिलंय त्यानं, वाळला की रंग यील. पर खड्यापायी तारीख बदलायची असंल, तर मला माणसांचा रंग बघावा लागंल."

सत्यजीतनं चुलत्यांकडं पाहिलं, मग बोट पुढं केलं. "घाल तू."

तिनं मला त्या बोटात सरकवलं. आणि हौसरावांनीच पहिल्या अक्षता टाकल्या. मी खडा असूनही गहिवरलो.

थोड्याच दिवसांत माझे रंग परतले. दुधाची किंचित पिवळी झाक कडेला राहिली, ती राहिलीच. हौसरावांनी पुतण्याचा हात उन्हात धरून मला निरखलं. "मी तवाच म्हनलं व्हतं, खडा चांगला हाय!"

आता दोघांचा संसार दौंडात आहे. अनुपमा कामावरून आली की आधी नवऱ्याच्या बोटाकडं बघते. मी झगमगत असलो तर म्हणते, "भांडी तशीच पडल्यात वाटतं!" आणि मी विझलेला दिसलो की गालात हसते, त्याला खुर्चीत बसवते आणि स्वतः चहा टाकते.

तेव्हा मंडळी, माझा कुणी भाऊबंद तुमच्या घरी आला तर त्याला कोरडा ठेवा, खुशाल झगमगू द्या. मला मात्र रोज असंच भिजू द्या.