भागेल, काका

अकाउंटंटकाकांच्या शोकसभेला मी रडायला गेले नव्हते. एका माणसाच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडतं का, ते बघायला गेले होते.

काका ज्या फरशीच्या गोदामाचे हिशेब बघायचे, तिथेच माझा नवरा फिटर होता. चेनकप्पीची साखळी तुटली आणि वर उचललेल्या दगडी फरश्या त्याच्या अंगावर आल्या. चौकशी झाली, अहवाल आला. साखळी झिजल्याची तक्रार कुणीच केली नव्हती आणि साखळीवर लक्ष ठेवणं फिटरचंच काम होतं, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे स्वतःच्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं, तो डोकं बाजूला घेत नाही.

पण अपघाताच्याच आठवड्यात एका सकाळी डबा घेताना तो मला म्हणाला होता, "साखळीची कडी पार झिजलीय. आज वर ऑफिसात जाऊन काकांना सांगतो." संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "बघू, होईल." तो वर गेला का, गेला तर काय बोलला, हे सांगणारं कुणी मिळेना. स्टोअरकीपरचं टेबल काकांच्या टेबलाला लागूनच. त्याला चौकशीत विचारलं, तर म्हणाला, मला काही कल्पना नाही. काका त्या दिवसांत रक्तदाब वाढून दवाखान्यात पडले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही.

माझी मुलगी सातवीत आहे. वर्गात कुणीतरी तिला म्हणालं, तुझे बाबा स्वतःच्याच चुकीने गेले ना. तेव्हापासून ती बाबांचं नाव काढत नाही. मला तिला एवढंच सांगायचं होतं, की बाबांनी सांगितलं होतं. आणि ते साक्षीदारासकट सांगायचं होतं. नाहीतर ती म्हणणार, आई आहेस, तू असंच म्हणणार.

काकांबद्दल वाकडं बोलायला माझीसुद्धा जीभ रेटत नाही. गोदामातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे फॉर्म त्यांनी भरलेले. कुणाची बायको बाळंत होवो, कुणाचा बाप आजारी पडो, दवाखान्याच्या बाकावर काका आधी हजर. अपघातानंतर ते दर रविवारी माझ्याकडे यायचे. मुलीला गणितं घालायचे, गळका नळ घट्ट करायचे, बसून राहायचे. मी एकदाच विचारलं, "काका, हा आला होता का तुमच्याकडे?" ते शेगडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, ही गॅसची नळी जुनी झालीय, बदलून घ्या." पुढच्या रविवारी स्वतःच नवी नळी घेऊन आले आणि बसवून गेले. मी पुन्हा विचारलं नाही. म्हातारा माणूस, सांगेल त्याच्या सवडीने, असं मला वाटलं. सवड मिळायच्या आतच ते झोपेत गेले.

शोकसभा गोदामातच होती. फरश्यांच्या चळती भिंतीला सरकवून मधे खुर्च्या मांडल्या होत्या आणि पॅकिंगच्या टेबलावर काकांचा फोटो. वर छताला नवी चेनकप्पी लटकत होती, तेल लावलेली, चकचकीत. तिच्या खाली कुणीही खुर्ची ठेवली नव्हती. मालक पहिल्या रांगेत, शेजारी काकू मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. मी मुलीला घेऊन मागे बसले.

मालक बोलले. काका म्हणजे या कंपनीचा कणा, वगैरे. मग एकेक जण उठायला लागला आणि हळूहळू लोक हसायला लागले. काकांची आठवण काढायची म्हटली की त्यांची नक्कल यायचीच. काही नवीन मागायला गेलं की काका चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "जुन्यात भागेल ना रे?" ड्रायव्हरने टायरची गोष्ट सांगितली, हमालांच्या मुकादमाने हातमोज्यांची. दोघांनीही चष्मा कपाळावर सरकवून दाखवला. मुकादमाला चष्माच नाही, त्याने नुसती बोटं सरकवली, त्यावर तर काकूसुद्धा हसल्या.

का भागवून घ्यायचे सगळे, ते मात्र कुणी बोललं नाही. मालक पुढ्यात बसलेले, कोण बोलणार? खर्चाचा कागद घेऊन काकांना मालकांच्या केबिनमध्ये जावं लागायचं. केबिन काचेची. आवाज बाहेर यायचा नाही, पण मान खाली घालून उभे असलेले काका सगळ्यांना दिसायचे. बापाच्या वयाचा माणूस असा उभा बघवायचा नाही. मग लोक आपलं मागणं आपणच गिळायचे. माझा नवरा घरी येऊन सांगायचा, "आज काकांना परत आत उभं केलं गं." त्या दिवशी तो जेवायचा नाही धड.

मग स्टोअरकीपर उठला. लोकांच्या हसण्याने त्याला चेव चढला होता.

"काकांवर माणसं किती जीव टाकायची, सांगू? आपला फिटर. वर आला, म्हणाला, काका, कप्पीची साखळी गेलीय, नवी लागेल. काकांनी केला चष्मा वर. 'महिनाभर भागेल ना रे जुन्यात?' हा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, 'भागेल, काका. तुम्हाला परत आत नाही पाठवत.' असे होते आपले काका. त्यांच्यासाठी लोक..."

तो तिथेच थांबला. हसू आधी पुढच्या रांगेत विझलं, मग मागे.

मी उभी राहिले. "कधीची गोष्ट ही?"

स्टोअरकीपरने मालकांकडे पाहिलं. "आता... नक्की नाही आठवत, वहिनी. जुनी असेल."

"चौकशीत तुम्ही म्हणालात, तो आलाच नव्हता."

"मी कल्पना नाही म्हटलं होतं. आणि ती साखळी दुसरी असेल. बऱ्याच साखळ्या आहेत इथे."

"वहिनी," मालक मऊ आवाजात म्हणाले, "आजचा दिवस काकांचा आहे. त्यांना शांतपणे जाऊ द्या."

मी सगळ्यांकडे वळले. "तुम्ही आत्ता ऐकलंत ना, हे काय म्हणाले ते?"

गोदाम भरलेलं होतं. यातल्या बऱ्याच जणांनी माझ्या नवऱ्याला खांदा दिला होता. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. काकूंना तरी माहीत असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पर्स उघडली, रुमाल काढला आणि तोंडावर धरला. त्यांना माहीत होतं. पुढे बसलेल्या कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं करून चहा आल्याचं सांगितलं आणि खुर्च्या सरकायला लागल्या.

मी मुलीचा हात धरून बाहेर पडले. इतका राग आला होता, की रडूसुद्धा येईना.

गेटबाहेर ड्रायव्हरने गाठलं. "वहिनी, मी ऐकलं हं. सगळं ऐकलं." थोडं पुढे मुकादम. "तुमचा माणूस हयगय करणारा गडी नव्हता, वहिनी. आम्हाला काय माहीत नाही?" बसस्टॉपपर्यंत असे कितीतरी आले. हात हातात घ्यायचे, इकडेतिकडे बघायचे, एक वाक्य बोलायचे आणि चहाला परत जायचे. रस्त्यावर मला हवे तेवढे साक्षीदार होते. आत एक नव्हता.

शेवटी स्टोअरकीपर आला, धापा टाकत.

"तो आला होता, वहिनी. अपघाताच्या चार दिवस आधी. खरंच आला होता." त्याचे डोळे भरले होते. "पण मला यात ओढू नका. हे लेखी गेलं तर शेवटी काकांच्याच नावाला डाग लागणार. देवमाणूस होता तो. तुम्हीच सांगा, बरं दिसेल का?"

तो गेला. बस यायची होती. मुलीने माझा हात ओढला.

"आई, हे सगळे आत का नाही बोलले?"

"त्यांचं काकांवर फार प्रेम होतं," मी म्हटलं.

"आणि बाबांवर नव्हतं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"होतं," मी म्हटलं. "काकांइतकं नव्हतं."