पाखरीच्या गळ्यातली घंटा

मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला दोनच आठवतात. एक देवळातली, तिला तुम्ही नमस्कार करता. आणि दुसरी शाळेतली, ती सुटायची वाजली तर आवडते आणि भरायची वाजली तर आवडत नाही. मी त्या दोघींपैकी कोणी नव्हे. मी आहे गुराच्या गळ्यातली एक जुनी घंटा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर करंजमाथा नावाची वाडी आहे. तिथल्या हैबतीबाबांच्या पाखरी गाईच्या गळ्यात मी असते. माझं वय मला ठाऊक आहे. पण एकदा ते लोकांनी मला न विचारता परस्पर ठरवून टाकलं, आणि त्याचा भुर्दंड एका मुक्या जनावराला पडला. ती हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म महाडच्या बाजारात झाला. हैबतीबाबा तेव्हा पोरगे होते. आईबापांबरोबर डोंगर उतरून आले होते. त्यांच्या आईनं, चिमाबाईनं, फडक्यात बांधून एक चेपलेला तांब्या, एक फुटकी तपेली आणि तळाला भोक पडलेली परात आणली होती. ओताऱ्यानं सगळं मुशीत घातलं, वितळवलं आणि मातीच्या साच्यात ओतलं. साचा फोडून मला बाहेर काढलं, तशी चिमाबाई मला उलटीपालटी करत म्हणाली, "एवढी माजी परात, ती हिच्यात कुटं मावली?" ओतारी हसला. म्हणाला, "मावली, पण आवाज जरा घोगरा येईल. चार तऱ्हेची भांडी एकत्र आली की एवढं व्हायचंच."

तो घोगरा आवाजच माझ्या कामी आला. आमच्या डोंगरावर पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हा आपलाच हात आपल्याला दिसत नाही. बाजारातल्या पत्र्याच्या घंट्या किणकिण करतात आणि पावसाच्या आवाजात विरून जातात. माझा आवाज खालून, जमिनीलगत जातो. पुढची गाय चालते, मी वाजते, आणि मागची सगळी गुरं माझ्या आवाजावर पाय टाकत गोठ्याला येतात. कड्याच्या अंगाला एकही जात नाही. पुढची गाय थकली की दिवाळीच्या पाडव्याला गुरं ओवाळून झाल्यावर मला तिच्या गळ्यातून काढायचं आणि तिच्या लेकीच्या गळ्यात बांधायचं. एरवी मला काढायचं नाही, असा वाडीचा रिवाज आहे. पाखरीच्या आईच्या गळ्यात मी होते, आजीच्याही होते.

मधे एकदा माझा लोळा झिजून रानात गळून पडला. लोळा म्हणजे आमची जीभ. त्याच सुमारास कशेडी घाटात एक ट्रक कलंडला होता. हैबतीबाबा तेव्हा ऐन जवानीत होते, बघायला गेले आणि गॅरेजवाल्यानं फेकून दिलेला एक जाड बोल्ट घेऊन आले. तोच त्यांनी माझ्या पोटात तारेनं टांगला. तेव्हापासून माझं अंग परातीचं आणि जीभ ट्रकची आहे. मला त्याची कधी लाज वाटली नाही. गुरं घरी येत होती, आणखी काय हवं?

आता शाळेकडे येते.

हैबतीबाबांची नात सेजल खाली गावातल्या हायस्कुलात नववीत शिकते. तिथं दर्शना मॅडम इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतात. त्या रोज महाडहून एसटीनं येतात. त्या वर्षी शाळेत नव्याच लागल्या होत्या. नववीच्या पुस्तकात सुरुवातीलाच इतिहासाच्या साधनांचा धडा असतो. मॅडम वर्गाला म्हणाल्या, "पुस्तक मिटा. उद्या प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची. फक्त एक लक्षात ठेवा. वस्तू दिसली की आधी हात जोडायचे नाहीत, आधी प्रश्न विचारायचे. तू कशाची? तुला कोणी केलं? कशासाठी केलं?"

सेजल घरी गेली आणि आज्याच्या मागे लागली. हैबतीबाबांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. "पाडव्याबिगर काडत नाय गो तिला," म्हणाले. पण नात शाळेचं नाव घेते म्हटल्यावर त्यांचं काही चालेना. त्यांनी पाखरीला गोठ्यातच ठेवलं आणि मला सोडून सेजलच्या हाती दिली. "एक दिस हां. उद्या सांजच्याला परत हाय पायजे."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावर आमची रांग लागली. कोणी पायली आणली होती, कोणी कंदील. एका मुलानं आजोबांचा मुंबईच्या गिरणीतला पितळी बिल्ला आणला होता. मुलं प्रश्न विचारत होती, मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. माझी पाळी येणार एवढ्यात हेडसर वर्गात आले. त्यांनी मला उचललं, लांब धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अरे वा! ही तर शिवकालीन!"

मित्रांनो, हेडसरांना हसू नका. रायगड किल्ला आमच्या इतक्या जवळ आहे, की इकडे कोणाच्या परसात गंजलेला खिळा सापडला तरी तो शिवकालीन ठरतो. त्यात लबाडी नसते, भक्ती असते. पण भक्तीला घाई फार.

"सर, मुलांनी अजून तपासली नाही हिला," दर्शना मॅडम म्हणाल्या.

"तपासायचं काय त्यात? दिसतंय की! पुढच्या शनिवारी शिक्षण खात्याचे पाहुणे यायचेत, मॅडम. त्यांना दाखवायला शाळेत काहीतरी हवंच होतं."

मला संध्याकाळी परत न्यायचं आहे, हे सांगायचा सेजलला धीर झाला नाही. त्याच दुपारी शिपाई किशोरनं मला चिंच लावून घासलं. हेडसरांच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात लाल मखमलीवर मला बसवलं. पुढं सुबक अक्षरात कार्ड लावलं, "शिवकालीन घंटा, करंजमाथा". खोटं कशाला बोलू, पहिला दिवस मला बरं वाटलं. जन्मात कधी मखमल पाहिली नव्हती. पण येणारा-जाणारा मला वाजवायला लागला, तेव्हा किशोरनं माझ्या पोटात चिंध्यांचा बोळा कोंबला. बोल्टही झाकला आणि आवाजही बंद झाला.

इकडे वाडीवर काय झालं, ते सेजल पुढं पाखरीच्या मानेवरून हात फिरवत बोलली तेव्हा मला कळलं. हैबतीबाबांनी पाखरीच्या गळ्यात पत्र्याची घंटा बांधून पाहिली. तिनं मान झाडली आणि जागेवर उभी राहिली. दुसऱ्या गाईला पुढं काढलं तर बाकीच्यांनी तिला जुमानलं नाही. धुक्यात गुरं चहूकडं पांगली. सून, नातू, शेजारी, सगळे हाका मारत रान धुंडत होते.

तेव्हा हैबतीबाबा मला परत न्यायला स्वतः शाळेत आले. मी कपाटातून पाहत होते. अंगावर भिजलेली घोंगडी, हातात काठी. ते दारातच उभे राहिले. हेडसर लगबगीनं उठले, त्यांना हाताला धरून आपल्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. शाळेच्या खुर्चीवर बाबा आयुष्यात पहिल्यांदा बसत होते. तेही अगदी कडेला टेकून, खुर्ची मळेल म्हणून.

"बाबा, तुमच्या घराण्यानं काय ठेवा जपलाय!" हेडसर म्हणाले. "शिवकालीनच ना ही?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मग चहाच्या कपाकडं पाहिलं. "असंल," म्हणाले.

"शनिवारी तुमचा सत्कार करायचा आहे. आणि ही घंटा आता इथंच, शाळेत राहणार. बरोबर ना?"

"बरं," बाबा म्हणाले. आणि जी गोष्ट मागायला दोन तास डोंगर उतरून आले होते, ती न मागताच परत चढून गेले. माझ्या पोटात बोळा होता, नाहीतर मी तिथल्या तिथं ओरडले असते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी कळपातली कालवड घरी आली नाही. पाखरीचीच ती लेक. पुढं कधीतरी मी जिच्या गळ्यात जाणार होते, ती. सकाळी कड्याखालच्या झाडीत तिचं उरलंसुरलं सापडलं. वाघरानं, म्हणजे बिबट्यानं, धरली होती. हैबतीबाबा कोणाला बोलले नाहीत. सेजललाही नाही. त्यांनी तिच्यावर एकदा खेकसावं असं तिला फार वाटत होतं, पण ते नुसते उंबऱ्यावर बसून राहिले.

सेजलला ते सोसवेना. शनिवारच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत हेडसर बाहेर गेलेले पाहून ती माझ्या कपाटापुढं येऊन उभी राहिली आणि रडायला लागली. दर्शना मॅडम मागून आल्या. तिनं त्यांना सगळं सांगितलं. ओताऱ्याचं, परातीचं, बोल्टचं, कालवडीचं.

"मग उद्या सांगूया," मॅडम म्हणाल्या. "पाहुण्यांसमोर मला तास घ्यायचा आहे. घंटेवरच घेते."

"पण मॅडम, आज्याला शाल देणारेत. सगळ्या वाडीला बोलावलंय. मी खरं बोलले तर लोक म्हणतील, म्हातारा खोटारडा हाय."

मॅडमनी माझ्यापुढचं कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "ते खरंच अवघड आहे. मी तुला जबरदस्ती करणार नाही. मी वर्गाला फक्त एवढंच म्हणेन, की प्रश्न विचारा. आणि एक सांगू? त्या दिवशीच मी सरांना अडवायला हवं होतं. ते राहिलं."

शनिवार आला. वर्ग गच्च भरला होता. पुढच्या रांगेत पाहुणे, हेडसर आणि नवी शाल पांघरलेले हैबतीबाबा बसले होते. मागं भिंतीला टेकून वाडीची माणसं उभी होती. मला टेबलावर ठेवलं. दर्शना मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, हे साधन तुमच्यासमोर आहे. कार्डावर काय लिहिलंय ते क्षणभर विसरा. घंटेला विचारा."

एकानं विचारलं, "तू कशाची?" दुसऱ्यानं विचारलं, "तुला कोणी केलं?" उत्तर कोण देणार? तेव्हा सेजल उठली. तिनं आज्याकडं एकदा पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मग मला उचललं, उलटं केलं आणि पोटातला चिंध्यांचा बोळा ओढून काढला.

मी वाजले. किती दिवसांनी वाजले!

पाहुणे पुढं वाकले. त्यांनी आत पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "हा तर बोल्ट आहे. ट्रकचा आहे का हो?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. हेडसर खुर्चीत अवघडले. हैबतीबाबा मात्र माझा आवाज ऐकताक्षणी ताठ बसले होते. ते हळूच उठले, खांद्यावरची शाल काढून घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि टेबलापाशी येऊन त्यांनी नातीच्या हातातून मला घेतलं.

"ट्रकचाच हाय, सायब. कशेडीला पडलेला, तवा मीच आनला. ही महाडच्या बाजारात झाली. माज्या आयेच्या परातीची. मी सोता बगितलीय होताना."

"मग बाबा, तुम्ही शिवकालीन का म्हणालात?" पाहुण्यांनी विचारलं. रागानं नव्हे, पण विचारलं.

बाबांनी हेडसरांकडं पाहिलं. "सरांनी खुर्ची दिली, चाय दिली. एवड्या मानाच्या मानसाला नाय कसा म्हनू?"

कोणी हसलं नाही. बाबा पुढं म्हणाले, "पोरीनं केलं ते बेस केलं. मला जमलं नाय. माजी कालवड गेली ह्या एका न म्हनलेल्या नाय पायी."

मित्रांनो, त्या वर्गात मग खरा तास सुरू झाला. मुलांनी हैबतीबाबांना विचारलं, की गुरं आवाज ओळखतात कशी, घंटा पाडव्यालाच का बदलतात, ओताऱ्याचं दुकान बाजारात कुठं होतं, परात कोणाच्या लग्नातली होती. बाबा सांगत होते आणि दर्शना मॅडमचा फळा भरून वाहत होता. मधेच हेडसरही उठले. मला वाटलं, निघून जातील. पण तेही विचारायला लागले, "बाबा, वाडीवर पहिलं घर कोणाचं हो?"

त्या संध्याकाळी सेजलनं मला पाखरीच्या गळ्यात बांधलं. पाडवा नव्हता, तरी चिमाबाईच्या वेळच्या निरांजनानं बाबांनी गाईला ओवाळलं. रिवाज मोडलाच होता, तो असा सांधला. दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. मी वाजत पुढं चालले आणि मागून एकेक करून सगळी गुरं आली. गोठ्याच्या दारात पाखरी थांबली आणि मागं वळून हंबरली. तिच्या हिशोबानं एक यायची राहिली होती. बाबांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दोघं तशीच बराच वेळ उभी राहिली.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. घरातली जुनी वस्तू जपा, पण तिचा मान करायच्या आधी तिला विचारा, बाई, तुझं काम अजून चालू आहे का? आणि घरातल्या जुन्या माणसाला खुर्ची दिलीत, तर त्याला 'नाही' म्हणायलाही जागा द्या.

हायस्कुलातलं ते काचेचं कपाट अजून आहे. मखमलीवर माझी जागा रिकामीच ठेवली आहे. पुढचं कार्ड बदललं. नवं कार्ड हेडसरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, असं सेजल सांगते. त्यावर लिहिलं आहे, "करंजमाथ्याची घंटा. सध्या कामावर आहे. भेटायचं असेल तर डोंगर चढून यावं."