लाल गाडीच्या जबड्यात

दातांच्या डॉक्टरांनी सत्तावन्नाव्या वर्षी लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा त्यांच्या बायकोने एकच प्रश्न विचारला, "यात बसायचं की झोपायचं?" बाई शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची आणि प्रश्न त्या नेमकेच विचारायच्या. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, "असले गुडघे घेऊन मी काही या बशीत बसणार नाही," असं सांगून टाकलं आणि त्या वर निघून गेल्या.

गाडी देखणी होती, पण वयाने थकलेली. आतल्या टेपच्या घशात आधीच्या मालकाची कॅसेट कायमची अडकली होती. डॉक्टरांनी नवा स्टिरिओ मागवला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, मधोमध नुसती खाच होती. खाचेत आपला फोन सरकवला की दोन्ही बाजूंचे रबरी जबडे स्प्रिंगने पुढे येऊन त्याला पकडत आणि मग गाणी, नकाशा, कॉल सगळं फोनवरच चाले. फोन सोडवायला एक बटण होतं. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, जाणकाराकडूनच बसवून घ्यावा.

"तीस वर्षं मी माणसांच्या तोंडात तारा बसवतोय," डॉक्टर म्हणाले. "आणि माणसं हलतात. ही तर उभी गाडी आहे."

रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये उतरले ते कपाळावर दवाखान्यातला दिवा बांधून आणि खिशात दात बघायचा आरसा घेऊन. डॅशबोर्डखाली डोकं घालायचं तर दुसरी वाटच नव्हती, म्हणून त्यांनी पाय सीटच्या पाठीवर टाकले आणि ते उलटे आत शिरले. पहिल्या मजल्यावरून बाईंना फक्त दोन मोजे दिसत होते. मधूनच एखादा मोजा ताठ व्हायचा, म्हणजे आत काहीतरी चटका बसला, एवढं त्या समजून घ्यायच्या.

दहाच्या सुमाराला बाईंचा धाकटा भाऊ आला. त्याचं पंखे आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तारांतलं त्याला कळायचं. म्हणूनच दाजींनी त्याला हात लावू दिला नाही. तो स्टुलावर बसून चहा पीत राहिला.

"दाजी, लाल तार कशाला जोडली?"

"लालला लाल."

"गाडीतली लाल कसली आहे ते बघितलंत का?"

"लाल आहे. आणखी काय बघायचं असतं?"

साडेबाराला डॉक्टर बाहेर आले, कपाळाला ग्रीस आणि चेहऱ्यावर मुलगी वर्गात पहिली आल्यासारखा आनंद. फोन सरकवला, जबडे मिटले. आवाज मात्र काही येईना. वैतागून त्यांनी ब्रेकवर पाय आपटला आणि स्पीकरमधून बासरी सुरू झाली. पाय काढला, बासरी गप्प. पाय ठेवला, पुन्हा सुरू.

"ब्रेकच्या दिव्याची तार घेतलीत तुम्ही," मेहुणा म्हणाला.

चूक कबूल करायची डॉक्टरांची तयारी नव्हती. चालेल की असं, म्हणत ते चक्कर मारायला गेले. चौकापर्यंतच्या रस्त्यावर त्यांनी एक अख्खं गाणं ऐकायचा प्रयत्न केला. गाडी दर चार पावलांवर थबकत होती आणि मागे रांग वाढत होती. शेवटी एका टेम्पोवाल्याने शेजारी येऊन अगदी शांतपणे विचारलं, "काका, गाडी चालवताय की पायपेटी वाजवताय?"

परत आल्यावर डॉक्टरांनी पक्कड मेहुण्याच्या हातात दिली. दहा मिनिटांत गाणं सरळ वाजू लागलं. मग जेवायला वर जायचं म्हणून डॉक्टरांनी फोन काढायला बटण दाबलं. काही झालं नाही. मेहुण्याने दाबलं. तरी नाही.

"जबडे उघडणारी आतली बारीक मोटर जळली," तो म्हणाला. "तुम्ही मागच्या तारांना काय केलंत?"

"काही नाही." डॉक्टर खिशातला आरसा काढून पुसू लागले. "एक कापली. लांब होती."

"मग अख्खा स्टिरिओच बाहेर काढू."

"तो निघणार नाही. खडखडू नये म्हणून मी चौकटीला सिमेंट लावलंय. दातांची कॅप बसवायचं. पंधरा वर्षं हलत नाही."

मेहुण्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. नवी मोटर यायला दहा दिवस लागणार होते. सिम काढायची फट नेमकी जबड्याखाली गेली होती. म्हणजे दहा दिवस जिथे गाडी, तिथे फोन.

सोमवारपासून डॉक्टरांचं घर आणि दवाखाना दोन्ही पार्किंगमध्ये आलं. खाली गाडीत फोन वाजला की दवाखान्यातली सिस्टर खिडकीतून हाक मारायची, डॉक्टर हातमोजे घालूनच धावत खाली यायचे आणि खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं ठेवून छताकडे बघत बसायचा. कॉल लाऊडस्पीकरवर. "डॉक्टर, माझी कवळी कुत्र्याने नेली," हे एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं वाक्य अर्ध्या गल्लीने ऐकलं. संध्याकाळी ते त्याच गल्लीतून गेले तर लोक कुत्र्याचीच चौकशी करायला लागले.

त्यात स्टिरिओला आणखी एक खोड होती. आलेला प्रत्येक मेसेज तो वाचून दाखवायचा, बायकी, सपाट, विझलेल्या आवाजात. मंगळवारी भर सिग्नलला, दोन्ही बाजूंना बस उभ्या असताना, त्या आवाजाने सासुरवाडीच्या ग्रुपवरचा मेसेज वाचायला घेतला. "धाकटी मावशी. जावईबापूंनी केस रंगवलेले दिसतात. वांग्यासारखे चमकतात. हसून रडणारा चेहरा. हसून रडणारा चेहरा. हसून रडणारा चेहरा. वांगं." डॉक्टर समोरच्या लाल दिव्याकडे एकटक बघत राहिले. बसमधली एक आजी खिडकीतून वाकून म्हणाली, "नाही हो, बरे दिसतायत."

खरी अडचण संध्याकाळी सहाची होती. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती आणि रोज सहाला बाबांच्या फोनवर, पडद्यावर तोंड दाखवून बोलायची. बाईंचा फोन बटणांचा. पहिला दिवस त्यांनी गाडीबाहेर उभं राहून निभावला, पण लेकीला आईचा फक्त पदर दिसत होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी गुडघ्यांची अट सोडली. आधी पाय घालून बघितला, मग डोकं, मग डॉक्टरांचा हात धरून पाठमोऱ्या सुटल्या आणि सीटवर धप्पकन पोचल्या.

"आई, तू गाडीत?" लेक म्हणाली.

"बशीत आहे मी. बोल."

लेक थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलली, मग म्हणाली, "आई, मी नोकरी सोडावी म्हणतेय."

बाई तोंड उघडणार, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून बँकेतले निवृत्त मॅनेजर म्हणाले, "दुसरी हातात असल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस म्हणावं." तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या बायकोने विरोध केला. ती वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीकडे निघाली होती, पण जिन्यातच थांबली. "तब्येत सांभाळून नोकरी," असं तिचं म्हणणं पडलं. तळमजल्यावर दोन मतं होती.

"निघा," बाई डॉक्टरांना म्हणाल्या.

"कुठे?"

"जिथे बाल्कन्या नाहीत तिथे."

डॉक्टरांनी गाडी शहराबाहेर, पाण्याच्या टाकीपलीकडच्या मोकळ्या रस्त्याला घातली. वारा इतका होता की लेकीला एकेक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं आणि बाईंना मध्ये तोंड घालताच येत नव्हतं. एरवी लेकीचं वाक्य संपायच्या आत बाईंचा सल्ला तयार असायचा आणि फोन बायकोकडे देऊन डॉक्टर पेपर वाचायला जायचे. आज दोघांनाही ऐकण्यावाचून इलाज नव्हता. लेकीचा साहेब तिचं काम स्वतःच्या नावावर खपवत होता, हे दोन महिने चाललं होतं आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गाडी हळू केली.

"हळू कशाला?" बाई म्हणाल्या. "दाबा की. तिला बोलू दे, आपण जाऊ."

लेक पाऊण तास बोलली. शेवटी तिने स्वतःच ठरवलं, आधी साहेबाच्या साहेबाला भेटायचं, मग बघायचं. बाईंनी एकही सल्ला दिला नाही, फक्त "जेवून जा" म्हणाल्या.

त्यानंतर रोज बाई पावणेसहालाच केस घट्ट बांधून खाली यायच्या.

दहा दिवसांनी मोटर आली ती दुसऱ्याच स्टिरिओची निघाली. तेव्हा सिस्टरचा धीर सुटला. "डॉक्टर, दाढ समजा आणि काढा," ती म्हणाली. रविवारी दवाखान्यातली हत्यारं ट्रेमध्ये मांडून पार्किंगमध्ये आणली. मेहुण्याने दिवा धरला. डॉक्टरांनी आरशाने जबड्याची मागची बाजू बघितली, चिमटा लावला आणि तीस वर्षांच्या सवयीने फोनला म्हणाले, "थोडं दडपण जाणवेल, दुखणार नाही."

"भूल दिलीत का?" बाईंनी विचारलं.

एक झटका, एक काडकन आवाज आणि फोन डॉक्टरांच्या हातात आला. डावा जबडा मात्र मुळापासून तुटला. डॉक्टर तो घेऊन वर गेले आणि दोन तासांनी कवळीच्या मालाचा नवा जबडा करून आले, हिरडीसारखा गुलाबी. बसला मात्र चपखल. फोन सहज आत जातो, सहज बाहेर येतो.

पुढच्या महिन्यात बाईंनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या. वेगासाठी. लेकीच्या नव्या साहेबाची गोष्ट ऐकायला त्या आता टाकीच्याही पुढे जातात. डॉक्टर शेजारच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि वळण आलं की डोळे मिटतात.