दार बंद म्हणजे शून्य

आता काय सांगावं! धर्मपालनं सगळं नीट केलं होतं, फक्त ‘बंद’ हा एक शब्द त्यानं दोनदा तपासला नाही.

अडुसष्ट साल. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात तो वायरमन, डिप्लोमावाला, नोकरी अजून कच्ची. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचं दार उघडं असताना लोखंडी दट्ट्या खाली येऊच नये, असं सर्किट त्यानं आखलं. तारा जोडायच्या आधी ते पारखून घ्यायला मुंबईच्या एका कॉम्प्युटरकडे कागद पाठवले. कुठलं बटन, कुठलं दार, काय चालू, काय बंद. चालूला एक, बंदला शून्य. महिन्यानं उत्तर आलं: चूक नाही. मालक खूश! “चालला प्रेस, तर तुले पक्का करतो.”

चाचणीच्या दिवशी दार लावलं, बटन दाबलं. प्रेस ढिम्म! फोरमन शेषराव खो खो हसले. “काहून बे, जा, मुंबईले विचारून ये!” धर्मपालचे कान तापले. बटन तसंच चालू ठेवून तो प्रेसमध्ये रुई भरणाऱ्या मजूरबाईला ओरडून म्हणाला, “पार्बताबाई, दार उघडून पाहा, रुई अडकली असंन!”

तिनं दार उघडलं, हात आत घातला. दट्ट्या सरसर खाली आला.

तिची किंकाळी ऐकतानाच त्याला कळलं. बटन बंद म्हणजे वीज नाही; पण दार बंद म्हणजे दारावरच्या स्विचची तार जुळलेली, वीज वाहती. तिथं एक हवा होता. मेल्यानं तिथंही शून्य लिहिलं, सर्किटही त्याच समजुतीवर आखलं, अन् कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं हो ला हो केलं!

चौकशीत मालकानं मुंबईचा कागद टेबलावर आपटला. “मशीन खोटं बोलत नाही. बाईनंच नको तिथं हात घातला.” चौकशीच्या साहेबांनी धर्मपालकडं पाहिलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं ते गिळलं.

“सर्किट बरोबर हाय, साहेब.”

पार्बताबाईला कामावरून काढलं, भरपाई नाही. धर्मपालनं दाराची तार गुपचूप बदलली, प्रेस चालला, अन् तो पक्का झाला.

आठवड्यानं ती त्याच्या दारात उभी. मनगटाच्या पुढं नुसतं फडकं. “धर्मपालभाऊ, तू घोर नको करू. माह्यीच घाई झाली. तुह्यी नोकरी जाते का काय, म्हणून जीव नुसता खालवर होऊन राहिला होता माहा.”

“बस, बाई. चहा घे,” तो म्हणाला. तेव्हाही त्यानं तिला सांगितलं नाही.