निदानाची चौकट

इस्पितळाच्या नोंदणी विभागात मी एकतीस वर्षं काढली. डॉक्टरांचं अक्षर माझ्याइतकं कुणाला लागत नसे, आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती. आमचा नियम साधा होता. माणूस घरी गेला की फाइलवरच्या चौकटीत निदानाचा क्रमांक घालायचा, मगच फाइल कपाटात जायची. महिनाअखेरीला टेबलावर एखादी फाइल उरली की साहेब डोकं खायचे.

त्या महिन्यात उरली ती माझ्या धाकट्या भावाची.

आई जाऊन दोन महिने झाले होते. त्याची झोप उडाली होती. आई आतून हाक मारतेय म्हणत तो जेवता जेवता उठायचा. आम्ही घाबरलो आणि त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी नऊ दिवसांनी घरी पाठवताना लिहिलं, ‘निदान आताच नको. सहा आठवड्यांनी पाहू.’

हे काही चौकटीत बसेना. डॉक्टर रजेवर गेलेले. मी आजारांच्या क्रमांकांचं जाडजूड पुस्तक उघडलं, आवाज ऐकू येतात त्या पानावर आले आणि स्किझोफ्रेनियाचा क्रमांक टाकला. नंतर बदलता येईल म्हटलं. टेबल रिकामं झालं, मी हुश्श केलं.

सहा आठवड्यांनी ते डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्यांनी फाइलवरचा क्रमांक वाचून गोळ्या लिहिल्या. त्यांच्यानंतरच्यांनी त्यांचं उतरवून घेतलं. अशी बारा वर्षं गेली. मला ठाऊक होतं. एवढे डॉक्टर बघतात, त्यांनी तपासलंच असेल, अशी मी मनाची समजूत घालत राहिले. खरं सांगायचं तर नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसले होते.

भाऊ चष्म्याच्या दुकानात होता. तिळाएवढे स्क्रू तो न बघता बसवायचा. गोळ्यांनी बोटं थरथरू लागली आणि ते काम सुटलं. लग्नाचं दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. आता तो घरी बसून माझ्या चष्म्याला नावं ठेवतो.

गेल्या आठवड्यात इस्पितळात एक नवी डॉक्टरीण भेटली. पोरसवदाच, पण तिने फाइल पार पहिल्या पानापर्यंत उलटली.

“हे निदान केलं कुणी? इथे तर डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

“मॅडम, माझी ताई इथेच कामाला होती,” भाऊ म्हणाला. “तिच्या हातून चुकीचा कागद पुढे जायचाच नाही.”

म्हातारे डॉक्टर आता हयात नव्हते. त्यांच्या माथी मारणं सोपं होतं. भाऊ माझ्याकडे कौतुकाने बघत होता, तेच मला सहन होईना.

“मी टाकला तो क्रमांक,” मी म्हणाले. “टेबल रिकामं करायचं होतं म्हणून.”

डॉक्टरणीने त्या क्रमांकाभोवती पेनाने गोल केला. मग म्हणाली, गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, सगळं पहिल्यापासून तपासू, हळूहळू कमी करता येतात का बघू. भावाने सवयीने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

“मग ताई, मला झालं काय होतं?”

“आई गेली होती,” मी म्हणाले.

त्याने मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

“तेच तर मी सांगत होतो.”